मिकी वॉलफर्ड: रग्बी, क्रिकेट आणि शाळामास्तरकी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत पीटी शिकवतो आणि जुन्या क्रिकेटबद्दल लिहितो, त्यामुळे मास्तरकी करत मोठं क्रिकेट खेळलेल्या माणसांवर माझा विशेष जीव आहे. वॉलफर्डबद्दल एकदा लिहिलं आणि तेव्हापासून प्रश्न थांबतच नाहीयेत, तेच तेच फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी केलेत. सोपे आधी, किचकट शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. हा वॉलफर्ड नक्की कोण? आम्ही तर नावच ऐकलं नव्हतं.

पूर्ण नाव मायकल मूर वॉलफर्ड, सगळे मिकी म्हणायचे. जन्म २७ नोव्हेंबर १९१५, इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम काउंटीत नॉर्टनला. शिक्षण रग्बी स्कूल आणि मग ऑक्सफर्डचं ट्रिनिटी कॉलेज. रग्बीत इंग्लंडच्या ट्रायलपर्यंत, म्हणजे निवड चाचणीपर्यंत, पोचलेला, क्रिकेटमध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी आणि सॉमरसेट काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) टीमचा बॅट्समन, हॉकीत ऑलिम्पिक सिल्व्हर मेडल, आणि पोटापाण्याचं काम म्हणाल तर शेरबोर्न या गावातल्या शाळेत मास्तर. १६ जानेवारी २००२ ला वयाच्या ८६ व्या वर्षी गेला, तेही शेरबोर्नलाच.

नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमची काही चूक नाही, कारण क्रिकेटची टेस्ट तो खेळला नाही आणि आपल्याकडे टेस्ट खेळला नाही तो जणू खेळलाच नाही असं धरतात.

२. "रग्बीला शिकला" म्हणजे रग्बी खेळायला शिकला की रग्बी गावात शिकला?

दोन्ही. रग्बी हे गावाचं नाव, त्या गावातली शाळा म्हणजे रग्बी स्कूल, आणि खेळाला नाव मिळालं ते या शाळेवरून. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळता खेळता बॉल हातात घेतला आणि धावत सुटला अशी गोष्ट तिथे सांगतात, ती दंतकथाच आहे पण वर्ल्ड कपच्या ट्रॉफीला नाव त्याचंच दिलंय. वॉलफर्ड या शाळेतून आला, म्हणजे आपल्याकडे दादरच्या शिवाजी पार्कवर वाढलेल्या पोराने क्रिकेट खेळावं इतकं ते साहजिक होतं.

३. ट्रिपल ब्लू म्हणजे काय?

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची दरवर्षी एकमेकांशी मॅच असते, तिला व्हर्सिटी मॅच म्हणतात, आणि त्या मॅचमध्ये युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्याला 'ब्लू' मिळतो. ऑक्सफर्डचा गडद निळा, केंब्रिजचा फिका. एका खेळात ब्लू मिळाला तरी माणूस आयुष्यभर सांगत फिरतो, वॉलफर्डला रग्बी, क्रिकेट आणि हॉकी अशा तिन्ही खेळांत मिळाला. लक्षात घ्या, रग्बी आणि हॉकी दोन्ही थंडीतले खेळ, म्हणजे ते एकाच मोसमात सांभाळायचे आणि उन्हाळा आला की पॅड बांधायचे.

४. रग्बीत तो कुठल्या पोझिशनला खेळायचा, आणि इंग्लंडकडून का खेळला नाही?

सेंटरला. रग्बी युनियनमध्ये १५ जण असतात, पुढचे ८ जण रेटारेटी करून बॉल मिळवतात आणि मागचे ७ जण तो घेऊन पळतात, सेंटर हे त्या मागच्या लोकांच्या मधोमध उभे असतात. समोरून अंगावर येणाऱ्याला पाडायचं, आणि आपल्याकडे बॉल आला की फट शोधायची किंवा बाहेरच्या विंगरला तो अगदी वेळेवर द्यायचा, असं दुहेरी काम.

आता इंग्लंडचं. ट्रायलला बोलावणं येणं म्हणजे देशातल्या निवडक लोकांत गणला जाणं, तिथपर्यंत तो गेला, कॅप, म्हणजे देशाकडून मॅच, मिळाली नाही. माझ्या मते कारण साधं आहे, त्याच्या उमेदीच्या वर्षांत इंग्लंडकडे पीटर क्रॅनमर आणि रोनाल्ड जेरार्ड ही सेंटरची जोडी होती, ४ जानेवारी १९३६ ला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडला, १३-० असं हरवलं त्या मॅचमध्ये हेच दोघं सेंटरला होते. त्या मॅचमध्ये दोन ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय) करणारा रशियन राजपुत्र ओबोलेन्स्की, तो वॉलफर्डच्याच काळात ऑक्सफर्डला होता. मग १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि देशोदेशींच्या अधिकृत रग्बी मॅचेस एकदम १९४७ ला परत सुरू झाल्या, तोवर वॉलफर्ड ३१ चा. २४ ते ३० ही सेंटरची खरी वर्षं, ती अशी गेली.

जेरार्डबद्दल जाता जाता: तोही सॉमरसेटकडून थोडं क्रिकेट खेळलेला, १९४३ मध्ये लिबियात युद्धात मारला गेला. म्हणून वॉलफर्डची फक्त वर्षं गेली असं लिहिताना मला जरा अडखळायला होतं.

५. मग तो डबल इंटरनॅशनल, म्हणजे दोन खेळांत देशाकडून खेळलेला, नाही?

क्रिकेट आणि रग्बी या जोडीत नाही. ती जोडी पूर्ण करणारा इंग्लंडचा शेवटचा माणूस एम. जे. के. स्मिथ, ५० टेस्ट आणि १९५६ मध्ये वेल्सविरुद्ध रग्बीची एक कॅप. आपल्याला तो दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक असायला हवा, १९६४ च्या जानेवारीत मद्रासला आपल्या बापू नाडकर्णींनी सलग २१ ओव्हर मेडन टाकल्या तेव्हा इंग्लंडचा कॅप्टन हाच होता. वॉलफर्ड आंतरराष्ट्रीय खेळाडू होता तो हॉकीत (प्र. १२).

६. शेरबोर्न कुठे आहे? तिथे तो कोच होता की खरा मास्तर?

शेरबोर्न हे दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट काउंटीतलं छोटं गाव, जुनं ॲबी चर्च आणि त्याला चिकटून शाळा. सहाव्या एडवर्ड राजाने १५५० मध्ये या शाळेला सनद दिली. कॉम्प्युटरवाला ॲलन ट्युरिंग याच शाळेचा. मुलं तिथेच राहायची, म्हणजे मास्तरचं काम घंटा वाजली की संपत नाही, दुपारी मैदान, संध्याकाळी अभ्यास, रात्री कोण तापाने फणफणलंय ते बघणं.

वॉलफर्ड तिथे नोकरीला होता तो मास्तर म्हणून, खेळ शिकवणं त्याच कामाचा भाग. पगारी कोच आणि मास्तर यात फरक आहे हो. कोचला पोरगा फक्त नेटमध्ये दिसतो, मास्तरला तोच पोरगा सकाळी वर्गात गृहपाठ न करता बसलेलाही दिसतो.

७. त्याच्या सगळ्या मोठ्या इनिंग ऑगस्टच्या आसपासच का?

हा प्रश्न ज्यांनी पाठवला त्यांनी स्कोअरकार्ड नीट बघितलेत, मला फार बरं वाटलं. उत्तर एका शब्दात, सुट्टी.

तेव्हा इंग्लंडचा क्रिकेटचा मोसम साधारण एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असायचा. शाळेची समर टर्म, म्हणजे उन्हाळी सत्र, संपायची जुलैच्या शेवटी. म्हणजे मे, जून आणि जवळजवळ सगळा जुलै हा माणूस वर्गात आणि शाळेच्या मैदानावर, आणि टर्म संपली की थेट काउंटीच्या टीममध्ये. बाकीचे तोवर वीस-वीस मॅच खेळून सेट झालेले, आणि याने मोसमभर जास्तीत जास्त काय केलं असेल तर पोरांना बोलिंग टाकली असेल. तरी पहिल्या दिवसापासून फर्स्ट क्लास बोलिंग खेळायची.

उन्हाळी सुट्टीत जिल्ह्याच्या निवड चाचणीला मी दोन-तीनदा उभा राहिलोय म्हणून हे मला कळतं. वर्षभर शिट्टी गळ्यात घालून फिरलेल्या माणसाचा पहिल्या दिवशी पाय उचलत नाही, बॉल दिसतो पण बॅट उशिरा येते. सॉमरसेटकडे तो १९४६ ते १९५३ मध्ये खेळला, आणि हे दरवर्षीचं होतं. त्याचे आकडे वाचताना मी एवढंच सांगेन की ते सुट्टीतले आकडे आहेत असं समजून वाचा.

८. भारताविरुद्ध त्याने सेंच्युरी मारली होती हे खरं का?

खरंय. ऑगस्ट १९४६, टाँटन (सॉमरसेटचं घरचं मैदान), सॉमरसेट विरुद्ध इंडियन्स. युद्धानंतरचा आपला पहिला दौरा, कॅप्टन थोरले पतौडी, आणि टीममध्ये विजय मर्चंट, सांगलीत जन्मलेले विजय हजारे, विनू मांकड, चंदू सरवटे अशी माणसं. मर्चंटनी त्या दौऱ्यात २,३८५ रन केल्या, मांकडनी हजार रन आणि शंभर विकेट असं डबल केलं, सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी सरेविरुद्ध शेवटच्या विकेटसाठी २४९ जोडल्या. म्हणजे हा काही कच्चा संघ नव्हता.

टाँटनला पहिल्या इनिंगमध्ये आपण ६४ ला ऑल आऊट झालो, बिल अँड्र्यूज आणि बर्टी ब्यूज यांच्या बोलिंगवर. मग सॉमरसेटने ६ बाद ५०६ वर डाव सोडला, हॅरॉल्ड गिम्ब्लेट १०२ आणि वॉलफर्ड नाबाद १४१. दुसऱ्या इनिंगमध्ये आपले लोक लढले, ४३१ केल्या, पण कमी पडल्या. ही बेरीज मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर हाताने करून बघितलीय: ६४ आणि ४३१ मिळून ४९५, म्हणजे ५०६ ला ११ कमी. एक डाव आणि ११ रननी हार.

आता यात बघा, त्या १४१ रन काढल्या नसत्या तर डावाने हार झालीच नसती. आणि काढणारा माणूस थोड्याच दिवसांपूर्वी टर्म संपवून आलेला. मला स्कोअरकार्डातल्या त्या ओळीचं अजून कौतुक वाटतं, आपण हरलो असलो तरी.

९. सर्वात मोठी इनिंग कोणती?

२६४, हॅम्पशायरविरुद्ध, १९४७, वेस्टन-सुपर-मेअरला. वेस्टन हे समुद्रकाठचं सुट्टीचं गाव आणि मॅच व्हायची ती क्लॅरेन्स पार्कमध्ये, म्हणजे चक्क सार्वजनिक बागेत, तिथे वर्षातून एकदा तंबू ठोकून क्रिकेटचा फेस्टिव्हल भरायचा. तुलनेसाठी सांगतो, सॉमरसेटचा तेव्हाचा रेकॉर्ड लायोनेल पॅलेरेटच्या २९२, त्याही हॅम्पशायरविरुद्धच, १८९६ च्या. पुढच्याच वर्षी गिम्ब्लेटने ससेक्सविरुद्ध ३१० केल्या. मग १९८५ ला व्हिव रिचर्ड्स ३२२ आणि २००६ ला जस्टिन लँगर ३४२. आपले सुनील गावस्कर १९८० मध्ये याच काउंटीकडून खेळले, त्यामुळे टाँटन-वेस्टन ही नावं मुंबईच्या जुन्या मंडळींना अगदी परकी नाहीत.

१०. खेळायचे पैसे मिळायचे का?

नाही, तो हौशी खेळाडू. तेव्हा इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या असंच म्हणा, हौशी आणि पगारी. हौशी म्हणजे 'जंटलमन', पगारी म्हणजे 'प्लेअर', कपडे बदलायच्या खोल्या बऱ्याच ठिकाणी वेगळ्या, आणि कॅप्टन जवळजवळ नेहमी हौशीच. हा भेद १९६२ चा मोसम संपल्यावर अधिकृतपणे गेला.

११. मग सुट्टीत मास्तर आला की कोणाला तरी बसावं लागत असेल?

हो, आणि हा प्रश्न विचारायलाच हवा. मे ते जुलै थंडीवाऱ्यात खेळलेला पगारी बॅट्समन, आणि ऑगस्टमध्ये ऊन पडलं, विकेट चांगल्या झाल्या की त्याच्या जागेवर शाळेतून किंवा युनिव्हर्सिटीतून आलेला हौशी. त्या पगारी माणसाचं पोट मॅचवर चालायचं. सॉमरसेटमध्ये हे जास्त होतं कारण काउंटी गरीब, हौशी लोक फुकटात मिळायचे. १९४८ मध्ये तर मोसमात तीन कॅप्टन झाले, मिचेल-इनेस, सीमर आणि वुडहाउस, कारण पूर्ण वेळ देणारा एकही हौशी मिळेना.

मला वॉलफर्ड आवडतो म्हणून मी ही पद्धत बरोबर होती असं म्हणणार नाही. ती अन्यायाचीच होती. फक्त त्याच्या बाबतीत एवढं खरं की १४१ आणि २६४ काढणाऱ्याला ओळखीवर घेतलं असं कोणी म्हणू शकत नाही.

१२. हॉकीचं मेडल कधीचं? आपल्याशी फायनल झाली म्हणतात.

लंडन ऑलिम्पिक, १९४८. ग्रेट ब्रिटनने स्वित्झर्लंडशी ०-० बरोबरी केली, अमेरिकेला ११-०, अफगाणिस्तानला ८-०, सेमीफायनलला पाकिस्तानला २-० असं हरवलं. आपण ऑस्ट्रिया ८-०, अर्जेंटिना ९-१, स्पेन २-०, हॉलंड २-१. आणि १२ ऑगस्टला वेम्बलीच्या ओल्या, जड मैदानावर फायनल, भारत ४, ब्रिटन ०. बलबीर सिंग दोन, त्रिलोचन सिंग एक, पॅट जॅन्सन एक. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस बाकी होते, आणि ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या राजधानीत त्यांनाच हरवून तिरंगा वर गेला. ही मॅच नुसती आठवली तरी अंगावर काटा येतो.

आपल्या कॅप्टनचं नाव किशनलाल. टीममध्ये लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही नावं वाचा आणि मुंबईतल्या गोवेकर हॉकीवाल्यांची परंपरा डोळ्यांपुढे येते की नाही बघा. गोल राखायला पिंटो होता.

तर वॉलफर्ड या हरलेल्या, सिल्व्हर मिळवलेल्या टीमचा. म्हणजे १९४६ च्या ऑगस्टमध्ये आपल्याला टाँटनला झोडपलं आणि बरोबर दोन वर्षांनी ऑगस्टमध्येच आपण ते वेम्बलीला फेडलं, खेळ वेगळा, माणूस तोच. ऑलिम्पिकही शाळेच्या सुट्टीत आलं हे त्याचं नशीब.

१३. इंग्लंडकडून खेळला की ग्रेट ब्रिटनकडून? दोन्ही लिहिलेलं दिसतं.

दोन्ही बरोबर. हॉकीत एरवी इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड यांच्या वेगवेगळ्या टीम असतात, ऑलिम्पिकला मात्र सगळ्यांची मिळून ग्रेट ब्रिटन. मेडल ग्रेट ब्रिटनचं, बाकीच्या मॅचेस इंग्लंडच्या.

१४. शाळा डॉर्सेटमध्ये, जन्म डरहॅमचा, मग सॉमरसेटकडून कसा?

डरहॅम आणि डॉर्सेट दोन्ही तेव्हा फर्स्ट क्लास काउंटी नव्हत्या, मायनर, म्हणजे खालच्या दर्जाच्या, होत्या. डरहॅमला तो दर्जा १९९२ मध्ये मिळाला, डॉर्सेटला अजून नाही. युद्धाआधी तो डरहॅमकडून मायनर काउंटी क्रिकेट खेळलाही. नोकरी शेरबोर्नला लागली आणि शेरबोर्न सॉमरसेटच्या अगदी हद्दीवर, पलीकडचं येओव्हिल हाकेच्या अंतरावर म्हणा ना. सांगलीच्या माणसाने कोल्हापुरात जाऊन खेळावं तसं.

१५. सॉमरसेटनंतर खेळणं सोडलं का?

नाही, मग डॉर्सेटकडून मायनर काउंटी खेळत राहिला, चाळिशी उलटून गेल्यावरही. हौशी हा शब्द अशा वेळी त्याच्या मूळ अर्थाने वापरावासा वाटतो.

१६. त्याच्या हाताखालून कोणी मोठा खेळाडू झाला का?

डेव्हिड शेपर्ड. शेरबोर्नचा विद्यार्थी, शाळेत वॉलफर्डच्या कोचिंगखाली तयार झालेला. पुढे ससेक्स आणि इंग्लंडचा ओपनर, २२ टेस्ट, १९५४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध दोन टेस्टला कॅप्टन, आणि नंतर चर्चमध्ये जाऊन लिव्हरपूलचा बिशप. १९५२ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलला त्याने भारताविरुद्ध ११९ मारल्या, आपले कॅप्टन विजय हजारे. म्हणजे हजारेंना दौऱ्यावर आधी मास्तर भेटला, सहा वर्षांनी त्याचा विद्यार्थी. (अंपायर डेव्हिड शेपर्ड तो वेगळा, ग्लॉस्टरशायरचा, एक पाय उचलणारा. दर वेळी गोंधळ होतो म्हणून सांगितलं.)

१७. सॉमरसेटचा तो मुंबईत राहिलेला हेडमास्तर कॅप्टन म्हणजे वॉलफर्डच ना?

नाही, तो जॅक मेयर. १९२६ ते १९३५ मुंबईत कापसाच्या धंद्यात होता, मुंबईच्या क्वाड्रँग्युलरमध्ये, म्हणजे चार संघांच्या स्पर्धेत, युरोपियन्सकडून खेळला, परत जाताना इथून सात मुलं घेऊन गेला आणि त्यांच्यावर सॉमरसेटमध्ये मिलफील्ड शाळा सुरू केली, १९३५ मध्ये. वॉलफर्डने २६४ केल्या त्या १९४७ च्या मोसमात सॉमरसेटचा कॅप्टन हाच मेयर. एक हेडमास्तर आणि एक मास्तर एकाच ड्रेसिंग रूममध्ये, त्यामुळे आठवणीत घोळ होणं साहजिक आहे.

१८. असे रग्बी-क्रिकेट-शाळा करणारे आणखी कोण?

ॲलिस्टर हिग्नेल वाचा. इंग्लंडकडून रग्बीच्या १४ कॅप, ग्लॉस्टरशायरकडून क्रिकेट, केंब्रिजला दोन्ही खेळांत कॅप्टन, मग काही वर्षं शाळेत शिकवलं आणि पुढे बीबीसी रेडिओवर रग्बीची कॉमेंट्री. मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्यावरही २००८ पर्यंत माइक सोडला नाही. रग्बी सोडून हॉकी चालत असेल तर नॉर्मन बोरेट, १९४८ च्या त्याच ब्रिटिश हॉकी टीमचा कॅप्टन, एसेक्सकडून क्रिकेट, फ्रॅमलिंगहॅम कॉलेजात मास्तर.

१९. पूर्ण वेळ खेळला असता तर टेस्ट खेळला असता का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि मला त्याचा त्रास होतो, कारण त्यात शाळा ही अडचण होती असं धरलेलं असतं. १९४६-४७ ला इंग्लंडकडे हटन, वॉशब्रुक, कॉम्प्टन, एडरिच होते, त्यांच्या आत शिरणं कोणालाही कठीणच. वर्षातला एक महिना खेळणाऱ्याला तर निवड समिती बघणार कधी? पण नोकरी सोडून पगारी व्हावं असं त्याच्या जगण्यात कुठे दिसत नाही. त्याने शेरबोर्न निवडलं आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

२०. जुन्या स्कोअरकार्डात त्याचं नाव शोधायचं कसं?

एम. एम. वॉलफर्ड असं शोधा, इनिशियल आधी आणि आडनाव नंतर, हौशी लोकांचं तसंच छापायचे. पगारी खेळाडूचं आडनाव आधी, इनिशियल नंतर. युनिव्हर्सिटीच्या मॅचेस १९३० च्या दशकात बघा, सॉमरसेटच्या १९४६ ते १९५३ मध्ये, आणि सरळ शेवटच्या पानांकडून सुरुवात करा, ऑगस्टपासून. मे-जूनच्या पानांवर तो सापडणार नाही, तेव्हा तो वर्गात असायचा.